लिनक्सवर डेटाबेस-व्यवस्थापनसेवेची स्थापना व तिचे संरक्षण

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव. म्हातोबाच्या यात्रेसाठी व बगाडासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेल्या या गावच्या शिवारात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसविले, त्यास पाव शतकाहून अधिक काळ लोटला. चिंचवड, भोसरी, तळवडे व चाकण येथील कारखाने तेथून फार दूर नाहीत. कारखान्यात यंत्राचा सुटा भाग घडतो. त्या भागाची किंमत, तो घडविणाऱ्या कामगाराचा पगार, तो विकत घेणाऱ्या ग्राहकाचा पत्ता यांची नोंद मात्र कोठल्यातरी सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये राहते, आणि त्या सर्व्हरची निगराणी पुष्कळदा हिंजवडीतील एखाद्या मजल्यावर रात्रपाळीस बसलेला पंचविशीतील तरुण करीत असतो. संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या हाती नोकरीच्या पहिल्या महिन्यातच अशा नोंदींची किल्ली येते. ती किल्ली ज्या साधनात ठेवलेली असते त्या साधनाची स्थापना व संरक्षण कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम दोन गोष्टींतील भेद स्पष्ट केला पाहिजे. डेटाबेस म्हणजे नोंदी सांभाळणारी यंत्रणा. व्यवस्थापनसेवा म्हणजे त्या यंत्रणेस आज्ञा देण्यासाठी उघडलेली खिडकी. पोस्टग्रेस हा डेटाबेस पीजीॲडमिनवाचून उत्तम चालतो. व्यवस्थापनसेवा ही सोय आहे, गरज नव्हे. आणि ही सोय आपल्यासोबत एक नवा दरवाजा घेऊन येते, हे विसरता कामा नये. मायएसक्यूएलसाठी पीएचपीमायॲडमिन १९९८ मध्ये निघाले. पोस्टग्रेससाठीच्या पीजीॲडमिनचा उगमही त्याच वर्षातला. त्याची चौथी पिढी २०१६ च्या सप्टेंबरात पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाली. ती पायथन भाषेत नव्याने लिहिलेली असून ब्राउझरमधून चालते. या चौथ्या पिढीच्या घडणीत एंटरप्राइझडीबी या कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. जगभर वापरले जाणारे हे साधन पुष्कळ अंशी आपल्याच शहरात घडले. यास्तव उदाहरणासाठी तेच निवडले आहे. आज्ञा व फाइलींची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीत टंकावी लागतात, हे सांगणे नलगे.

या खिडकीतून काय काय करता येते? टेबल पाहता येते, बदलता येते, पुसता येते, हे सर्वांस माहीत असते. परंतु पोस्टग्रेसमधील सर्वाधिकारी भूमिकेस, म्हणजे 'सुपरयूजर'ला, याहून मोठे सामर्थ्य असते. २०१३ मध्ये निघालेल्या ९.३ या आवृत्तीपासून 'कॉपी' या आज्ञेस 'प्रोग्रॅम' हा शब्द जोडता येतो, आणि मग डेटाबेस थेट लिनक्सवरील एखादा कार्यक्रम चालवून त्याचे उत्तर टेबलात भरतो. सोय म्हणून हे उत्तम आहे. पण याचा अर्थ असा की, ज्याच्या हाती सर्वाधिकारी भूमिकेचा पासवर्ड आला, त्याच्या हाती केवळ नोंदी येत नाहीत. ज्या लिनक्स खात्याखाली डेटाबेस चालतो त्या खात्याचे हातपायही येतात. डेटाबेसचा पासवर्ड व यंत्राचा पासवर्ड यांत भिंत आहे अशी जी समजूत सर्वत्र आढळते, ती निदान या ठिकाणी खरी नाही.

पुणेकर वाचकांस पेशवे दप्तराचे उदाहरण जवळचे वाटेल. रुमालांत बांधलेल्या त्या कागदांतून निवडक वेचे रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. त्याआधी व त्यानंतरही दप्तरखान्यात शिरण्याचा, रुमाल सोडण्याचा, नक्कल घेण्याचा आणि मूळ कागदावर लेखणी चालविण्याचा अधिकार एकच मानला गेला नाही. यांतील शेवटचा तर कोणत्याही अभ्यासकास दिला जात नाही. संगणकावर मात्र हे चारही अधिकार एकाच पासवर्डात कोंबून ते चार-पाच जणांत वाटून टाकण्याची रीत रूढ झाली आहे. पुढील विवेचनातील बहुतेक सूचना या एका रीतीविरुद्ध आहेत.

धोका कल्पित नाही, हे दाखविण्यास दूर जावे लागत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरांवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला. नोंदी कुलूपबंद करून बिटकॉइनच्या रूपाने खंडणी मागण्यात आली, व प्रकरण पोलिसांत गेले. तो हल्ला व्यवस्थापनसेवेच्या दारातून झाला असे येथे सुचवावयाचे नाही. या पट्ट्यातील सार्वजनिक नोंदीही हल्लेखोरांच्या टप्प्यात आहेत, एवढेच दाखवावयाचे आहे. उघड्या दाराचे निखळ उदाहरण हवे असेल तर ते २०१७ च्या जानेवारीतील मोंगोडीबीचे. पासवर्डाविना आंतरजालावर उघडे राहिलेले हजारो डेटाबेस त्या वेळी पुसले गेले व जागोजाग खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्यात कोणतीही विद्या नव्हती. दार उघडे होते, कोणी आत आले, इतकेच. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या डेटाबेसच्या कर्त्यांनी नव्या आवृत्तीत सेवा मुळातच केवळ स्वतःच्या यंत्रापुरती ऐकेल अशी योजना केली.

आता प्रत्यक्ष स्थापनेकडे वळू. पहिला प्रश्न असा विचारावा की, ब्राउझरमधून चालणारी सामाईक सेवा खरोखर हवी आहे काय? डेटाबेस पाहणारी माणसे दोन-तीनच असतील, तर प्रत्येकाने आपल्या संगणकावर पीजीॲडमिनचे मेजावरचे रूप बसवावे आणि एसएसएचच्या बोगद्यातून डेटाबेसशी जोडून घ्यावे. तशी सोय त्या साधनातच आहे. जी सेवा बसविलीच नाही तिचे रक्षणही करावे लागत नाही. लेखकाच्या मते भोसरी-चाकण परिसरातील लहान कारखान्यांपैकी बहुतेकांस एवढे पुरेसे आहे. माणसे जास्त असतील, पाळ्यांत काम चालत असेल, कोणी कधी काय पाहिले याचा एकत्र हिशेब हवा असेल, तरच पुढील खटाटोप करावा.

डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या शाखा, तसेच सीडॅकने २००७ मध्ये काढलेली व डेबियनवरच आधारलेली बॉस ही भारतीय शाखा, यांचा एक स्वभाव ध्यानात घ्यावयास हवा. यांवर एखादी सेवा बसविली की ती त्याच क्षणी सुरूही होते. अपाचे हा वेब-सर्व्हर बसताक्षणी यंत्राच्या सर्व पत्त्यांवर ८० क्रमांकाचे पोर्ट उघडून ऐकू लागतो. म्हणून फायरवॉल आधी आणि सेवा नंतर, हा क्रम उलटू नये. 'यूएफडब्ल्यू' या साधनाने येणारी सर्व वाहतूक प्रथम बंद करावी, कार्यालयाच्या पत्त्यावरून येणाऱ्या एसएसएचला तेवढी मुभा द्यावी, मग फायरवॉल चालू करावी. मुभा देण्यापूर्वीच ती चालू केल्यास आपणच बाहेर अडकतो. एसएसएचमध्येही पासवर्डाने प्रवेश बंद करून किल्लीजोडीनेच प्रवेश ठेवावा.

पीजीॲडमिनचे पॅकेज डेबियनच्या मूळ भांडारातून न घेता प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावे लागते. त्या भांडाराची सही पडताळणारी सार्वजनिक किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवावी आणि भांडाराच्या नोंदीत 'साइन्ड-बाय' या शब्दापुढे त्या फाइलीचा निर्देश करावा. पूर्वी 'ॲप्ट-की' या आज्ञेने अशी किल्ली सर्व भांडारांसाठी एकत्र नोंदविली जाई. त्यामुळे एका परक्या भांडाराची किल्ली चोरीस गेली तर चोरास मूळ प्रणालीच्या पॅकेजांवरही खोटी सही करता येई. म्हणून ती रीत आता त्याज्य ठरली आहे. जुन्या टिपणांतून उतरवून घेतलेल्या आज्ञांत ती अजूनही दिसते, तेव्हा सावध असावे. यानंतर 'पीजीॲडमिन४-वेब' हे पॅकेज बसवून त्याच्यासोबत येणारी 'सेटअप-वेब' ही पटकथा चालविली की ती ई-मेल पत्ता व पासवर्ड विचारते आणि अपाचेची जुळणी करून देते. पाच मिनिटांत खिडकी उघडते. येथेच बहुतेक लोक थांबतात, आणि खरे काम तर येथून सुरू व्हावयाचे असते.

कारण या क्षणी सेवा साध्या एचटीटीपीवर आहे. प्रवेशाचा पासवर्ड तारेवरून उघडा जातो. यावर उपाय दोन. पहिला अधिक साधा: अपाचेच्या पोर्टांच्या फाइलीत 'लिसन' या शब्दापुढे १२७.०.०.१ हा आत्मपत्ता लिहावा, म्हणजे सेवा केवळ त्याच यंत्रावरून ऐकू येईल. आणि प्रत्येक वापरणाऱ्याने एसएसएचचा बोगदा काढून आपल्या संगणकावरील एखादे पोर्ट त्या पोर्टाशी जोडावे. दुसरा उपाय टीएलएसचा, म्हणजे संकेतबद्ध वाहतुकीचा. त्यासाठी प्रमाणपत्र लागते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते विनामूल्य देते, आणि नावाच्या नोंदीतून पडताळणी करण्याची पद्धत वापरल्यास अंतर्गत यंत्र आंतरजालास दाखवावे लागत नाही. मात्र एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद जाहीर खतावणीत होते व ती कोणासही वाचता येते. यंत्राचे नाव 'पगार-डेटाबेस' असे ठेवले तर प्रमाणपत्र मिळाल्यापासून थोड्याच वेळात ते जगजाहीर झालेले असते. नाव गुप्त आहे, पोर्टाचा क्रमांक अनोळखी आहे, म्हणून सेवा सुरक्षित आहे, या युक्तिवादात तथ्य नाही. टीएलएस असले तरी सेवा वायरगार्डसारख्या खाजगी जाळ्याच्या आतच ठेवावी. २०२० च्या मार्चमध्ये निघालेल्या ५.६ या आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आले आहे.

डॉकरच्या पेटीतून पीजीॲडमिन चालविणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण येथे सुज्ञ माणसेही फसतात. पेटीचे पोर्ट यंत्राच्या पोर्टाशी जोडताना डॉकर स्वतःचे नियम गाभ्याच्या जाळीत लिहितो, आणि पेटीकडे जाणारी वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचण्यापूर्वीच वळविली जाते. परिणामी यूएफडब्ल्यूस विचारले तर ती 'सर्व बंद' असे उत्तर देते, आणि बाहेरच्यास मात्र दार उघडे दिसते. म्हणून पोर्ट जोडताना नुसते क्रमांक न लिहिता त्यांपूर्वी आत्मपत्ता लिहावा. असो.

पीजीॲडमिनच्या अंतर्गत योजनेत बदल करताना 'कॉन्फिग' या मूळ फाइलीस हात लावू नये. पुढच्या आवृत्तीबरोबर ती नव्याने लिहिली जाते व आपले बदल नाहीसे होतात. आपले बदल 'कॉन्फिग_लोकल' किंवा इटीसी निर्देशिकेतील 'कॉन्फिग_सिस्टिम' या फाइलीत लिहावेत. पाहण्याजोग्या नोंदी थोड्याच आहेत. न वापरता उघडे राहिलेले सत्र केव्हा बंद व्हावे याची मूळ किंमत शून्य, म्हणजे 'कधीच नाही', अशी असते. पाळी संपवून घरी गेलेल्या माणसाचे सत्र पुढच्या पाळीस मिळावे असे वाटत नसेल तर तेथे ९०० सेकंदांसारखा आकडा घालावा. दुहेरी पडताळणीची सोय असते, परंतु ती सक्तीची नसते. ती सक्तीची करावी. सत्राची कुकी केवळ संकेतबद्ध वाहतुकीतून जावी ही नोंद टीएलएस असेल तेव्हा चालू करावी. चुकीच्या पासवर्डाचे तीन प्रयत्न झाल्यावर खाते बंद होते, ते तसेच राहू द्यावे; पहाटे तीन वाजता अडकलेल्या माणसाची कितीही तक्रार आली तरी. डेटाबेसचे पासवर्ड खिडकीतच साठविण्याची मुभा मुळात असते. ते संकेतबद्ध करून ठेवले जातात हे खरे, तथापि पगार किंवा रुग्णांच्या नोंदी असतील तेथे ही मुभा काढून घेणेच इष्ट.

खिडकीचे खाते व डेटाबेसमधील भूमिका या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली कितीही भक्कम केली तरी दुसरी ढिली असेल तर उपयोग नाही. पोस्टग्रेस मुळात केवळ स्वतःच्या यंत्रावर ऐकतो. खिडकी दुसऱ्या यंत्रावर असेल, आणि ती असावी हे बरे, तर ऐकण्याच्या पत्त्यांत अंतर्गत जाळ्यातील एकच पत्ता वाढवावा. सर्व पत्ते दर्शविणारी तारका लिहिण्याचा मोह टाळावा. मग 'पीजी_एचबीए' ही फाइल. तीत कोणी, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या डेटाबेसशी, कोणत्या रीतीने जोडावे हे ओळीओळीने लिहिलेले असते. पोस्टग्रेस वरून खाली वाचत जातो, जी ओळ प्रथम लागू पडते तीच मानतो, आणि तिच्यात अपयश आले तर पुढे पाहत नाही. म्हणजे वरच्या बाजूस कोणी तात्पुरती म्हणून 'ट्रस्ट' अशी सैल ओळ लिहून ठेवली, तर खालच्या दहा कडक ओळी शोभेपुरत्या उरतात. अशी ओळ शोधणे हे नव्या माणसाचे पहिले काम असावे. पासवर्ड साठविण्याची स्क्रॅम ही रीत २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत आली व २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून मूळचीच झाली; जुनी एमडी५ ही रीत २०२५ च्या अठराव्या आवृत्तीत त्याज्य म्हणून जाहीर झाली. परंतु जुने डेटाबेस वर चढवीत नेले असतील तर जुन्या रीतीने साठविलेले पासवर्ड तसेच राहतात. ते बदलण्यास माणसांनाच पासवर्ड पुन्हा ठरवावयास लावावे लागते.

भूमिकांविषयी नियम एकच: एक माणूस, एक भूमिका. 'पोस्टग्रेस' या सर्वाधिकारी नावाने पाच जण आत जात असतील तर नोंदवहीत पाचही जणांचे एकच नाव पडते, आणि मध्यरात्री पुसल्या गेलेल्या टेबलाचा दोष ज्याने ते पुसले त्याच्यावर न जाता जो कनिष्ठ त्याच्यावर जातो. सर्वाधिकार दूरवरून वापरताच येऊ नये. ती भूमिका यंत्रावर प्रत्यक्ष गेलेल्या व्यवस्थापकापुरती ठेवावी. केवळ पाहणाऱ्यासाठी 'पीजी_रीड_ऑल_डेटा', केवळ प्रकृती तपासणाऱ्यासाठी 'पीजी_मॉनिटर', अशा तयार भूमिका आहेत. रात्रपाळीच्या बहुतेक कामास यांतील दुसरी पुरते; डेटाबेस मंद का झाला हे शोधणाऱ्यास कोणाचा पगार किती हे दिसण्याचे कारण नाही. पंधराव्या आवृत्तीपूर्वीच्या डेटाबेसमध्ये 'पब्लिक' या सामाईक विभागात कोणासही नवी वस्तू निर्माण करता येई. जुन्या स्थापनेत तो अधिकार हाताने काढून घ्यावा.

एवढे केल्यावरही साधनातच दोष निघू शकतो. पीजीॲडमिनमध्ये बाहेरून आलेला मजकूर पायथनच्या 'इव्हॅल' या क्रियेस तसाच पोचविला जात होता. परिणामी खिडकीत प्रवेश असलेल्यास सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालविता येई. २०२५ च्या एप्रिलमधील ९.२ आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला. अशी दुरुस्ती आपल्या यंत्रावर आपोआप येईल असे समजू नये. डेबियन व उबंटूवरील स्वयंचलित नूतनीकरण मुळात शाखेच्या स्वतःच्या भांडारापुरते असते. पीजीॲडमिनचे भांडार त्या यादीत हाताने घालावे लागते. हे न केल्यामुळे बाकी सर्व यंत्र अद्ययावत आणि नेमकी किल्ल्यांची पेटी तेवढी दोन वर्षे जुनी, असा प्रकार घडतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार अशा घटनेची वर्दी ६ तासांत द्यावी लागते, नोंदवह्या १८० दिवस जपाव्या लागतात व यंत्रांची घड्याळे ठरवून दिलेल्या प्रमाणवेळेशी जुळवावी लागतात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या अधिनियमात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे; त्याखालील नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. ६ तासांची मुदत पुष्कळांस जाचक वाटते. परंतु भूमिका वेगळ्या असतील आणि पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची व रचना बदलणाऱ्या आज्ञांची नोंद चालू असेल, तर कोण आले व काय केले हे सांगण्यास एवढा वेळ लागत नाही. नोंदवही मात्र दुसऱ्या यंत्रावर पाठवीत राहावे. ज्या घरात चोरी झाली त्याच घरातील वहीवर विसंबता येत नाही.

शेवटी परीक्षा. सर्व्हरवर 'एसएस' या आज्ञेने कोणती पोर्टे कोणत्या पत्त्यांवर ऐकत आहेत ते पाहावे, आणि नंतर कार्यालयाबाहेरील दुसऱ्या यंत्रावरून, उदाहरणार्थ घरच्या जोडणीवरून, 'एनमॅप'ने तेच पडताळावे. अर्थात यंत्र आपल्या ताब्यातील असेल व तशी लेखी परवानगी असेल तरच. डॉकरसंबंधी वर जे सांगितले ते या दुसऱ्या परीक्षेवाचून कळत नाही. 'पीजी_डंप'ने घेतलेली प्रत महिन्यातून एकदा कोऱ्या यंत्रावर उतरवून पाहावी, आणि त्या प्रतीच्या फाइलीस कोण वाचू शकते हेही त्याच वेळी तपासावे; कारण मूळ डेटाबेसभोवती जे पहारे बसविले त्यांपैकी एकही त्या फाइलीबरोबर जात नाही.